करण्यात येईल

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात माळ्यावरच्या वस्तूंकडे आणि माझ्याकडे सारख्याच नजरेने पाहिले जाते. 'याचा आता उपयोग काय?' हा त्या नजरेतला प्रश्न मी सेवानिवृत्तीपासून ओळखू लागलो आहे. यंदा माळा आवरताना सौ.च्या हाती एक गठ्ठा लागला. लाल नाडीने बांधलेला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, आणि धूळ इतकी की तिने तो हातभर लांब धरूनच विचारले, "अहो, ही तुमची रद्दी देऊन टाकू का?"

मी म्हटले, "थांब, जरा पाहू दे."

'जरा पाहू दे' या तीन शब्दांनी आमच्या घरातल्या कितीतरी साफसफाया अर्ध्यावर थांबल्या आहेत. ती पुढे काही बोलली नाही. फक्त शिडी धरून उभी होती ती खाली बसली. मी नाडी सोडली आणि तासभर त्या कागदांतून वर पाहिले नाही.

ते कागद कशाचे, हे आधी सांगितले पाहिजे. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. मराठीच्या मास्तराला शिकवण्या मिळत नाहीत; गणिताच्या मास्तराचे भाग्य वेगळे. पण 1997 साली सरकारने एक नियम केला आणि माझ्यासारख्याला एक जोडधंदा मिळाला. मोठा कारखाना, खाण, धरण असे काही उभारावयाचे असेल, तर आधी त्याचा हवापाण्यावर, जमिनीवर आणि माणसांवर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा, हा नियम 1994 पासून होताच. 1997 साली त्यात भर पडली ती जनसुनावणीची. ज्यांच्या दारात प्रकल्प येणार त्यांना तो समजावून सांगावा, त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि त्यासाठी अहवालाचा सारांश त्यांच्या भाषेत द्यावा. हे सारांश मराठीत करून देण्याचे काम एका सल्लागार संस्थेकडून माझ्याकडे येऊ लागले. पानामागे ठरलेले पैसे मिळत. थोरलीच्या लग्नातला एक दागिना त्या पैशांचा आहे, हे सौ.लाही ठाऊक आहे. म्हणूनच ती गप्प बसली असावी.

कल्पना मूळची अमेरिकेतली. तिथे 1969 साली असा कायदा झाला, आणि मग ती जगभर पसरली. आपल्याकडे 1976-77 च्या सुमारास नदीखोऱ्यांतील प्रकल्प या दृष्टीने तपासावयास सुरुवात झाली. 1984 साली भोपाळ घडले. 1986 साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला. त्याखाली 1994 ची अधिसूचना आणि तिच्या जागी पुढे 2006 ची. मला या कल्पनेबद्दल आजही आदर आहे. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी झाडावर कोणाचे घरटे आहे ते पाहावे, ही काही परकी शिकवण नव्हे. आपल्या आज्या संध्याकाळी झाडाचे पानही तोडू देत नसत. तेव्हा त्या अहवालांचे मराठी करताना आपण एका चांगल्या कामाला हातभार लावीत आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

अहवालाचे साधारण दोन भाग असत. पहिल्यात आज काय आहे आणि उद्या काय होईल याचे वर्णन: विहिरींचे पाणी कसे, वारा कोणीकडून, पक्षी कोणते, धूळ किती उडेल, आवाज किती होईल. दुसऱ्यात त्यावरचे उपाय, म्हणजे व्यवस्थापनाचा आराखडा. हा दुसरा भाग सारा भविष्यकाळात लिहिलेला असे. माझे पहिलेवहिले भाषांतर मी मोठ्या उत्साहाने केले होते. 'कारखाना चारी बाजूंनी झाडे लावील. कारखाना दर तीन महिन्यांनी विहिरींचे पाणी तपासील. कारखाना सांडपाणी ओढ्यात सोडणार नाही.' सरळ, सुटसुटीत, सातवीच्या मुलाला कळेल असे.

ते कागद परत आले. सल्लागार संस्थेतल्या एका सभ्य गृहस्थांनी पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या होत्या. 'झाडे लावण्यात येतील. पाणी तपासण्यात येईल. सांडपाणी सोडण्यात येणार नाही.' फोनवर ते हसून म्हणाले, "मास्तर, जरा कार्यालयीन मराठी ठेवा. ते तुमचे 'कारखाना लावील' फार अंगावर येते."

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला त्यात काय झाले हे कळावयास हवे होते. मला ते कळलेही. वाक्यातून कर्ता निघून गेला होता. क्रिया होती, कर्म होते, काळ होता. करणारा तेवढा नव्हता. मी शाळेत मुलांच्या वहीवर लाल शाईने 'कर्ता कोठे?' असे लिहीत असे. येथे मात्र मी मुकाट्याने दुरुस्ती मान्य केली, आणि पुढची सोळा-सतरा वर्षे माझ्या हातून 'करण्यात येईल' हेच लिहिले गेले. त्या गठ्ठ्यात ते किती वेळा आले असेल याची मोजदाद मी केली नाही. करवली नाही, असे म्हणा.

याच गठ्ठ्यात 2009 सालचा एक सारांश सापडला. साखर कारखान्याच्या आवारात मळीपासून मद्यार्क काढण्याचा प्रकल्प; लोक त्याला डिस्टिलरीच म्हणतात. त्याच्या जनसुनावणीला मी स्वतः गेलो होतो, कारण सारांश वाचून दाखवावयाचा होता. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. टेबलावर हिरवे कापड, अप्पर जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळाचे अधिकारी, आणि समोर दोन-अडीचशे माणसे. मी माझ्या शिकवण्याच्या आवाजात वाचले. मळीचे पाणी पक्क्या अस्तराच्या तलावात ठेवण्यात येईल; ओढ्यात सोडण्यात येणार नाही; आवाराच्या एक तृतीयांश जागेत झाडे लावण्यात येतील; परिसरातील विहिरींचे पाणी दर तीन महिन्यांनी तपासण्यात येईल.

वाचन संपल्यावर पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठले. डोक्याला पटका, हातात काठी. त्यांनी आधी मला नमस्कार केला, मग म्हणाले, "मास्तर, समदं झ्याक वाचलंसा. पर एक इचारतो. ह्ये 'येईल, येईल' म्हणतासा, त्यो कोण येईल?"

मांडवात हशा पिकला. जिल्हाधिकारीही हसले. मीही हसलो. म्हातारे मात्र हसले नाहीत. ते उभेच होते. कोणीतरी त्यांना 'बसा, नाना' म्हणाले, आणि ते बसले. इतिवृत्तात त्यांच्या प्रश्नापुढे 'योग्य ती दखल घेण्यात येईल' असे लिहिले गेले. तेही मीच मराठीत आणले.

एखादा मनुष्य हसून वेळ मारून नेतो, पण प्रश्न मारला जात नाही. तो कोठेतरी माळ्यावर बसून राहतो.

आपल्याकडे लग्न जमविताना पत्रिका पाहतात. गुण जुळतात की नाही, मंगळ आहे की नाही, नाड एक तर नाही ना, याचा घरोघर किती खल होतो हे मी सांगावयास नको. पण छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले म्हणून कोणी मुलीला सासरी पोचवून तिची चौकशीच सोडून दिली आहे काय? पहिली दिवाळी येते, दिवाळसण होतो, भाऊ भाऊबिजेला जातो. ओवाळणी हे निमित्त. खरे तर तो तिच्या चेहऱ्याकडे पाहावयास जातो. पत्रिका सांगते ते होण्याजोगे. चेहरा सांगतो ते झालेले. आमच्या त्या अहवालांच्या जगात पत्रिका फार बारकाईने पाहिली जाते, आणि भाऊबीज मात्र कोणी करीत नाही.

कोणी करीत नाही म्हणणे अगदी न्यायाचे होणार नाही. 2006 च्या अधिसूचनेत तशी तरतूद आहे. परवानगी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा, 1 जूनला आणि 1 डिसेंबरला द्यावयाचा असतो. पण भारताच्या महालेखापरीक्षकांनी 2016 च्या आपल्या अहवालात हीच बाजू तपासली, तेव्हा परवानगीनंतरची देखरेख ठिकठिकाणी लंगडी आढळली. अटी न पाळल्याची उदाहरणे अनेक, आणि तपासणाऱ्या कार्यालयांत माणसे अपुरी. याचे कारण माणसे वाईट आहेत हे नव्हे. अहवाल लिहितो सल्लागार. त्याचे काम परवानगी मिळेतो. बांधकाम करतो कंत्राटदार. त्याच्या हाती नकाशे असतात, अहवाल नसतो. कारखाना चालवितो व्यवस्थापक. तो येतो तेव्हा अहवाल लिहिणारा आणि बांधणारा दोघेही निघून गेलेले असतात. एकाने वचन लिहिले, दुसऱ्याने त्यावर भिंत बांधली, तिसऱ्याने ते पाळावयाचे. आणि तिघांची एकमेकांशी तोंडओळखही नाही.

हे सारे मला पूर्वीही पुस्तकी रीतीने ठाऊक होते. गेल्या वर्षी ते डोळ्यांनी पाहिले. माझा भाचा इंजिनियर आहे, आणि त्याच्या गाडीतून आम्ही एका लग्नाहून परतत होतो. वाटेत रस्त्यालगत तोच साखर कारखाना दिसला. मी म्हटले, "जरा गाडी आत घे." नानांचे घर शोधावयास वेळ लागला नाही. नाना जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांच्या सूनबाईंनी ओसरीवर घोंगडे टाकले, चहा केला. मी भीतभीत विचारले, "विहिरीचे पाणी तपासायला कोणी येते का हो?"

"येतं की," त्या म्हणाल्या. "दर तीन म्हैन्याला फटफटीवर पोरगं येतं. बाटली भरून नेतं. एक डाव चुकलं न्हाई."

माझ्या छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले. मी भाच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पर आमच्या हिरीतलं नव्हं, काका. वरच्या हिरीतलं. आमच्या हिरीचं पाणी पावसाळा सरला की दोन-तीन म्हैने कोऱ्या च्यावानी होतंय. आमी त्ये जनावरालाबी दावत न्हाई. नळाचं पाणी येतंय एक दिवसाआड, त्येच पुरवून वापरतो."

आम्ही दोन्ही विहिरी पाहिल्या. मग भाच्याने गाडीच्या पाठीवर कागद पसरून मला उलगडा करून दिला. मूळच्या आराखड्यात मळीच्या पाण्याचा तलाव कारखान्याच्या पूर्वेस व्हावयाचा होता, म्हणून पूर्वेकडची विहीर तपासणीच्या यादीत घातली गेली. पुढे पश्चिमेकडची जमीन मिळाली आणि तलाव तिकडे बांधला. उतार पश्चिमेकडे, ओढाही पश्चिमेकडे, नानांचा मळाही पश्चिमेकडे. नकाशा बदलला, यादी बदलली नाही. प्रयोगशाळेचा मुलगा यादी घेऊन येतो, यादीतल्या विहिरीतून बाटली भरतो. त्या विहिरीचे पाणी चांगलेच आहे. ते चांगले असल्याचा अहवाल वेळच्या वेळी, वर्षातून दोनदा, वर जातो. कारखान्याने वचन मोडले नाही. प्रयोगशाळेने लबाडी केली नाही. सल्लागाराने खोटे लिहिले नव्हते, आणि मी भाषांतर चुकीचे केले नव्हते. सर्वांनी आपापले वाक्य पाळले, आणि नानांची विहीर गेली.

तेव्हापासून जो प्रश्न मला सोडीत नाही तो हा की, वचन पाळणे म्हणजे नेमके काय पाळणे? शब्द पाळणे की ज्याच्यासाठी शब्द दिला त्याला सांभाळणे? वाण्याचे देणे असेल तर प्रश्न सोपा आहे. जितके लिहिले तितके फेडले की मोकळे. पण आजारी माणसाला 'मी तुझ्याकडे पाहीन' असे म्हटले, आणि रोज ठरल्या वेळी त्याच्या खोलीत जाऊन भिंतीकडे पाहून परत आलो, तर वचन पाळले असे कोण म्हणेल? नदीला, विहिरीला, झाडाला दिलेली वचने या दुसऱ्या जातीची असतात. ती एकदा बोलून संपत नाहीत. पाहत राहिले तरच पाळली जातात.

भाच्याला हे पूर्ण पटले नाही, आणि त्याचे म्हणणे वाचकांपासून लपवून ठेवणे बरे नव्हे. तो म्हणाला, "मामा, तुम्ही मास्तर लोक अटींना वेदवाक्य समजता. अहवाल लिहिणारा ज्योतिषी थोडाच असतो? एका ऋतूत चार दिवस हवा मोजून पुढच्या तीस वर्षांचे भाकीत करायचे. निम्मे चुकणारच. मग चुकलेल्या भाकितावर बेतलेली अट आम्ही जन्मभर का वाहायची?"

मला त्याच्या बोलण्यातले अर्धे पटले. भाकीत चुकणारच, म्हणूनच तर पाहावयाचे. आमच्या घरी परवाच चकल्या झाल्या. सौ. चाळीस वर्षे त्याच मापाने भाजणी करते आहे. तरी पहिला घाणा तळून होईतो ती पुढच्या चकल्या पाडीत नाही. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरते, कमी झाले तर दाताला लागते. आणि यंदाचे तांदूळ मागच्या वर्षीच्या तांदळासारखे नसतात. पहिला घाणा चाखायचा, मग पीठ पुन्हा मळायचे. 1996 साली निघालेल्या आयएसओ 14001 या आंतरराष्ट्रीय मानकात योजना, कृती, तपासणी, सुधारणा असे चार पायऱ्यांचे चक्र सांगितले आहे. ते वाचून मला आमच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. तिला मी हे सांगितले, तर म्हणाली, "त्यात काय एवढं? खाणारी माणसं घरातलीच असतात ना."

ती सहज बोलून गेली, पण मर्म तेच आहे. ज्याला चकली खावी लागते तो पहिला घाणा चाखतो. अहवाल लिहिणाऱ्याला त्या विहिरीचे पाणी प्यावयाचे नसते. म्हणून अट बदलू नये असे मी म्हणत नाही. अट पाहून बदलावी. पाहण्याचा कंटाळा आला म्हणून बदलू नये. नानांच्या गावी यादी बदलावयास हवी होती, आणि ती न बदलणे हाच प्रमाद होता. दुसरीकडे अट सैल करण्याची घाई होते आणि तो शहाणपणा म्हणून खपतो. दोहोंचे मूळ एकच: डोळे मिटलेले.

डोळे उघडे ठेवून बसणारी माणसे मिळाली तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डहाणू म्हणजे समुद्रकाठचा, चिकूच्या वाड्यांचा आणि वारली पाड्यांचा तालुका. तेथे कोळशावर चालणाऱ्या 500 मेगावॅटच्या वीजकेंद्राला 1989 साली केंद्र सरकारने परवानगी दिली. त्या परवानगीत एक अट होती. कोळशात गंधक असते. तो जळला की गंधकाचा वायू धुराबरोबर बाहेर पडतो आणि पिकांना व माणसांच्या छातीला बाधतो. तेव्हा धुरातला हा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी. गावकरी न्यायालयात गेले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प थांबविला नाही, पण ही अट पूर्ण विचार केल्याखेरीज सैल करू नये असे बजावले. त्याच वर्षी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. 1995 साली केंद्र सुरू झाले. यंत्रणा नव्हती. देशी कोळशात गंधक कमी, यंत्रणा महाग, तिची गरज नाही, असा युक्तिवाद सुरू झाला.

कोठेही असते तसे हे प्रकरण येथेच संपावयाचे. पण 1996 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने या तालुक्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला आणि डिसेंबरात ते अस्तित्वात आले. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. प्राधिकरण आले, पाहणी करून निघून गेले, असे झाले नाही. ते बसून राहिले. गावकरी येत, बागायतदार येत, कंपनीचे वकील येत. सर्वांचे ऐकून घेतले जाई. 1999 साली प्राधिकरणाने ती यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. पुन्हा वाद, पुन्हा मुदती, पुन्हा न्यायालय. अखेर 2007 साली, समुद्राच्या खाऱ्या पाण्याने धूर धुणारी ती यंत्रणा चालू झाली. अट लिहिल्यापासून 18 वर्षांनी. मधल्या काळात कंपनीची मालकी एकदा बदलली होती, पुढे 2018 साली आणखी एकदा बदलली. धर्माधिकारी 2019 च्या जानेवारीत वारले, तोवर तेच अध्यक्ष होते.

अठरा वर्षे हा काही अभिमानाने सांगण्यासारखा आकडा नव्हे, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक तालुक्याला एकेक प्राधिकरण द्यावे हेही शक्य नाही. पण कर्ता नसलेल्या वाक्याला तेथे कर्ता मिळाला, एवढे खरे. 'कोण येईल?' या प्रश्नाला डहाणूत उत्तर होते. त्याच प्राधिकरणाने 1998 साली वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. 2023 साली नव्या प्रस्तावाला अटींसह संमती दिली, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध होता आणि आहे. ती संमती योग्य की अयोग्य हा वाद मी येथे सोडवू शकत नाही. पण त्या अटींचे आयुष्य आता कोठे सुरू झाले आहे, आणि त्या कितपत खऱ्या होत्या हे सही झाल्याच्या दिवशी नव्हे, पुढच्या तीस वर्षांत ठरणार आहे, इतके मला कळते.

देशभरच्या वीजकेंद्रांना गंधकवायूची मर्यादा घालून देणारा नियम 2015 च्या डिसेंबरात निघाला. दोन वर्षांची मुदत होती. ती वाढत वाढत गेली, आणि 2025 च्या जुलैत बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतून सूट मिळाली. देशी कोळशात गंधक कमी, हे कारण याही वेळी पुढे आले. कारण खरेही असेल. माझा प्रश्न एवढाच की, सूट मिळालेल्या प्रत्येक चिमणीच्या खालच्या गावात कोणी हवा मोजून पाहिली होती काय, आणि यापुढे मोजणार आहे काय? मोजून दिलेली सूट हा निर्णय असतो. न मोजता दिलेली सूट हा सुटकेचा निःश्वास असतो.

आता वचन देणाराच निघून गेला तर ते कोणाचे, हा प्रश्न उरतो. आपल्या शेतकऱ्याला याचे उत्तर शाळेत शिकवावे लागत नाही. जमीन विकत घेणारा आधी सातबाऱ्याचा उतारा पाहतो, आणि इतर हक्कांत बोजा असेल तर तो बोजाही जमिनीबरोबर आपल्याकडे येतो हे त्याला ठाऊक असते. 'कर्ज मागच्या मालकाने काढले होते' असे म्हणून सुटता येत नाही. 2006 च्या अधिसूचनेतही परवानगी नव्या मालकाकडे जाते ती त्याच अटींसह. कागदावर हे उत्तम आहे. पण सातबाऱ्यावरचा बोजा वाचणारा तलाठी गावात असतो, बँकेचा माणूस दारात येतो. विहिरीचा बोजा वाचावयास कोण येतो? विहीर नोटीस पाठवीत नाही. ती फक्त रंग बदलते.

आणि वचनाचे ओझे केवळ मालकाचेच काय? ज्याने ते लिहिले, ज्याने त्यावर शिक्का मारला, ज्याने त्याचे गोड मराठी केले, त्यांचे काहीच नाही? मी स्वतःला बराच काळ समजावीत आलो की मी केवळ भाषांतरकार. टपालवाल्याला पत्रातल्या मजकुरासाठी कोणी जबाबदार धरीत नाही. पण टपालवाला पत्रातला कर्ता खोडीत नाही. मी तो खोडला होता. पेन्सिलीच्या त्या दुरुस्तीवर मी 'नाही' म्हटले असते तर फार तर ते काम दुसऱ्याला गेले असते. थोरलीचा दागिना थोडा हलका झाला असता. आणि नानांना त्या दिवशी मांडवात निदान कोणाला विचारावयाचे ते कळले असते.

असो. गावाहून परतल्यावर मी कारखान्याला आणि प्रदूषण मंडळाच्या कार्यालयाला पत्र लिहिले. दोन्ही विहिरींचा नकाशा भाच्याने काढून दिला. कुरकुर केली, पण उताराच्या रेघा मोठ्या झोकात काढल्या. पत्रात एकही वाक्य कर्त्याशिवाय लिहावयाचे नाही असा मी पण केला होता, आणि तो पाळताना माझी चांगलीच दमछाक झाली. इतक्या वर्षांची सवय. दोन महिन्यांनी उत्तर आले. सभ्य, छापील, जावक क्रमांक घातलेले. 'आपल्या पत्रात नमूद केलेल्या विहिरीचा तपासणीत समावेश करण्यात येईल.'

सौ.ने ते वाचले आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. मला नानांची काठी आठवली.

तो गठ्ठा मी रद्दीत दिला नाही. देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात, हाताशी येईल असा ठेवला आहे. त्यातल्या ज्या ज्या गावी जाणे या वयात जमेल, तेथे एकेकदा जाऊन, वाचून दाखवलेल्यापैकी काय झाले ते पाहावयाचे आहे. यादी लांब आहे आणि गुडघे माझ्या बाजूचे नाहीत. पण सुरुवात ठरली आहे. अटींचा पुढचा अहवाल 1 डिसेंबरला जावयाचा आहे. दिवाळी झाली की त्याच्या आधीच्या आठवड्यात नानांच्या सूनबाईंकडे जाईन. फटफटीवरच्या मुलाचीही तीच वेळ असते. सौ. बरोबर येते म्हणाली. चकल्यांचा एक डबा तिने बाजूला काढून ठेवला आहे, आणि दोन रिकाम्या बाटल्याही धुऊन वाळत घातल्या आहेत.

सूनबाईंना मी पोस्टकार्ड टाकले आहे. त्यात एकच ओळ आहे: मी येईन.